नीमा पारेखाच्या अटी

इ. स. १६७७ च्या मार्च महिन्यात दीव बंदरातील नीमा पारेख नावाच्या एका वाण्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाऱ्यांपुढे अटींची एक यादी ठेवली. मुंबई बेटात कुटुंबकबिल्यासह येऊन व्यापार मांडावा असा त्याचा विचार होता. परंतु बेटावर पाऊल टाकण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर याव्यात असा त्याचा आग्रह होता. मुंबई शहराच्या वैभवाची कथा सांगताना कापसाच्या गिरण्या, आगगाडी आणि सुवेझचा कालवा ह्यांचीच नावे बहुधा पुढे येतात. ती सारी पुढली गोष्ट. गिरण्यांपूर्वी दोन शतके ह्या बेटाला ज्याची खरी वाण होती ते भांडवल नव्हे, बंदरही नव्हे. तेथे राहावयास तयार असलेली माणसे ही होती. ती माणसे कशी मिळविली गेली, हे त्या दीवच्या वाण्याच्या यादीत जितके स्वच्छ दिसते तितके कोणत्याही गव्हर्नराच्या खलित्यात दिसत नाही.

बेट इंग्रजांच्या हाती आले तेव्हा त्याची स्थिती मुळीच स्पृहणीय नव्हती. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालच्या राजाने ते आपल्या बहिणीबरोबर दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिले. प्रत्यक्ष ताबा १६६५ च्या फेब्रुवारीत हंफ्री कुक ह्याने घेतला. तीन वर्षांतच राजाला ह्या आंदणाचा खर्च जड झाला आणि मार्च १६६८ च्या सनदेने सालीना दहा पौंड सोन्याच्या खंडावर त्याने ते कंपनीच्या गळ्यात बांधले. बेट म्हणजे तरी काय? नारळीच्या वाड्या, भाताची खाचरे, कोळी, भंडारी व आगरी ह्यांची वस्ती, पाठारे प्रभूंची काही जुनी घरे आणि पोर्तुगीज जमीनदारांची मिरास. भरतीचे पाणी मध्यभागापर्यंत शिरे, आणि माडांना सडक्या मासळीचे खत घालीत त्याचा दर्प सर्वत्र पसरे. नव्याने आलेले युरोपियन पावसाळ्यात पटापट मरत.

बंदर मात्र उत्कृष्ट होते. पण नुसत्या बंदराने व्यापार होत नाही. सुरतेच्या पाठीशी गुजराथचे माग होते, अहमदाबाद होते, आग्र्याचा हमरस्ता होता. मुंबईच्या पाठीशी काय होते? समोरची साष्टी पोर्तुगीजांची. कल्याणकडे जावयाचे तर ठाण्याची खाडी त्यांची, आणि दक्षिणेकडील करंजेही त्यांचेच. दोन्ही ठिकाणी ते मुंबईच्या मालावर जकात घेत. त्यापलीकडचा मुलूख शिवाजी महाराजांचा. बेटाला पुरेल एवढे धान्यही बेटात पिकत नसे. अशा जागी सुरतेचा सुखवस्तू सावकार आपली पेढी उचलून का यावा, हा कंपनीपुढचा प्रश्न होता.

सुरतेत सारे सुख होते असे मात्र नाही. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी ते शहर लुटले. इंग्रजांची वखार दोन्ही वेळा बचावली, परंतु मोगलांचा सुभेदार आपले रक्षण करू शकत नाही ही गोष्ट सुरतेच्या व्यापाऱ्यांना कळून चुकली. ह्या दोन लुटींच्या मधल्या काळात, १६६९ साली, आणखी एक प्रसंग घडला. आणि शहर वसविण्याच्या दृष्टीने तो लुटीपेक्षाही बोधप्रद आहे. सुरतेच्या काजीने वाण्यांना धर्माच्या बाबतीत इतका जाच मांडला की, त्यांच्या महाजनाने गाव सोडण्याचा निश्चय केला. कंपनीचा दलाल भीमजी पारेख हा त्यांचा एक प्रमुख होता. तो पाच जणांसह वखारीचा प्रेसिडेंट जेराल्ड ऑंजियर ह्याच्याकडे गेला आणि आम्हांस मुंबईत आश्रय द्याल काय, असे त्याने विचारले.

एखाद्या उतावळ्या माणसाने ही संधी दोन्ही हातांनी घेतली असती. बेटाला माणसे हवी होती, आणि येथे सुरतेचा अवघा व्यापारी वर्ग दाराशी उभा होता. ऑंजियरने नकार दिला. सुरतेचे धन इंग्रजांनी पळविले असे मोगलांना वाटले तर त्याचे प्रायश्चित्त सुरतेच्या वखारीला भोगावे लागेल, हे त्याने ओळखले होते. तूर्त अहमदाबादेस जा, तेथून बादशहाकडे दाद मागा आणि मुंबईस यावयाचे ते हळूहळू या, असा सल्ला त्याने दिला. सप्टेंबरात सुमारे आठ हजार वाणी सुरत सोडून भडोचेस गेले. सुरतेचा बाजार बंद पडला, टांकसाळ व जकातनाका ओस पडले. अखेर औरंगजेबाकडून अभयाचे पत्र आले तेव्हा, डिसेंबरात, ते परतले.

ऑंजियरने ह्या प्रसंगातून दोन गोष्टी टिपल्या असाव्यात असे त्याच्या पुढील वर्तनावरून दिसते. व्यापारी एकेकटा हालत नाही, ज्ञातीच्या महाजनासह हालतो, ही पहिली. आणि त्याला परत आणावयास फौज लागत नाही, भरवशाचा कागद लागतो, ही दुसरी.

महाराष्ट्राला ह्यात नवे काही नव्हते. उजाड गाव लावावयाचा किंवा नवी पेठ वसवावयाची तर सरकारातून कौल द्यावयाचा, ही दख्खनची जुनी वहिवाट. कौलात काही वर्षांची सूट असे, पुढे कर चढत्या मानाने घ्यावयाचा असे, आणि पेठेत शेटे-महाजन नेमून त्यांना वतनाचे हक्क दिलेले असत. पुण्याच्या पेठा पुढे पेशवाईत वाढल्या त्याही अशाच. किंबहुना ज्या वर्षांत ऑंजियर मुंबईत माणसे जमवीत होता त्याच वर्षांत खाडीपलीकडे शिवाजी महाराज हाच विचार निराळ्या अंगाने करीत होते. १६७१ साली कुडाळच्या सरसुभेदारास लिहिलेल्या पत्रात, बारदेशाचे मीठ स्वस्त पडून आपल्या मुलखातील मिठाचा व्यापार बुडतो, सबब बाहेरच्या मिठावर भारी जकात बसवावी, अशी त्यांची आज्ञा आहे. एकजण जकात उतरवून व्यापारी बोलावीत होता, दुसरा ती चढवून आपले आगर राखीत होता. दोघांनाही व्यापाऱ्याचे मन नीट कळले होते एवढे खरे.

१६७२ च्या जूनमध्ये ऑंजियर मुंबईस आला तो १६७५ च्या सप्टेंबरापर्यंत तेथेच राहिला. पहिला प्रश्न जमिनीचा होता. बेटावरील जमीन खरी कोणाची, कंपनीची की जुन्या जमीनदारांची, हा तंटा ताबा घेतल्यापासून धुमसत होता. आणि मालकी संशयास्पद असलेल्या जागेवर कोणी शहाणा मनुष्य घर बांधीत नाही. ऑंजियरने बेटातील लोकांस एकत्र बोलावून तोड काढली. त्यांनी सर्व मिळून सालीना वीस हजार झेराफिन कंपनीस द्यावेत आणि कंपनीने त्यांच्या जमिनींवरील बाकीचा दावा सोडावा. झेराफिन हे पोर्तुगीजांचे रुप्याचे नाणे. कंपनीला ठरावीक उत्पन्न मिळाले, लोकांना निश्चिंती मिळाली.

त्याच वर्षी ८ ऑगस्टला अदालत उघडली. त्या दिवशीची मिरवणूक मोठ्या थाटाची होती. पुढे हिरव्या पोशाखातले पन्नास भंडारी दोन दोनच्या रांगेने, त्यांच्यामागे हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती रहिवाशांपैकी प्रत्येकी वीस प्रतिष्ठित गृहस्थ, मग कोतल घोडा, शिंगे, नगारे, राजाच्या सनदा घेतलेले चिटणीस आणि शेवटी पालखीत गव्हर्नर. जॉर्ज विल्कॉक्स ह्याची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. कंपनीचे संचालक पैशापैशाचा हिशेब पाहणारे. त्यांना हा थाट कितपत रुचला असेल ही शंकाच आहे. परंतु तो खर्च वाया गेला असे म्हणवत नाही. आपल्या ज्ञातीचा शेठ न्यायाच्या मिरवणुकीत मानाने चालताना ज्याने पाहिला त्याला कायद्याचे पुस्तक वाचून दाखविण्याची गरज उरली नाही. शिवाय ज्ञातीतले तंटे ज्ञातीच्या पंचांनीच तोडावेत ही मोकळीकही ऑंजियरने ठेविली. त्याच सुमारास पारशांचे पहिले दखमे मलबार टेकडीवर उभे राहिले. जेथे मृतांची सोय झाली तेथे जिवंत माणसे कायमची राहावयास आली, असे समजण्यास हरकत नाही.

१६७३ च्या फेब्रुवारीत डच सेनापती व्हान गोन्स मोठे आरमार घेऊन बेटासमोर आला. किल्ल्यावरील तयारी पाहून त्याने काढता पाय घेतला. तटबंदी अपुरी होती, तोफा थोड्या होत्या. पण गव्हर्नर स्वतः जागेवर होता, आणि गव्हर्नर पळाला नाही ही बातमी सुरतेच्या बाजारात पोचली असेलच.

टांकसाळीची गोष्ट जरा निराळी. मुंबईत रुप्याची व तांब्याची नाणी पाडावयास आरंभ झाला होता आणि ती शेजारच्या मुलखात चालावीत अशी कंपनीची इच्छा होती. १६७४ साली राज्याभिषेकाच्या प्रसंगी हेन्री ऑक्सिंडेन रायगडावर गेला तेव्हा त्याने जी कलमे पुढे मांडली त्यांत हेही एक होते. बाकीची बहुतेक कलमे मान्य झाली. ह्या कलमावर महाराजांचे उत्तर असे की, ज्या नाण्यात रयतेचा तोटा होण्याचा संभव आहे ते आम्ही तिच्यावर लादणार नाही. मात्र वजनाने व कसाने ते मोगल आणि इतर राजांच्या नाण्यांइतकेच चोख असेल तर त्यास मनाईही करणार नाही. मुत्सद्देगिरीच्या इतिहासात ह्या उत्तराला मोठे स्थान नसेल; परंतु व्यापारात पत ही हुकमाने मिळत नाही, कसाला उतरून मिळते, हे ह्याहून थोडक्यात सांगणे अवघड आहे.

भीमजी पारेख ह्यानेही ह्या काळात एक अनपेक्षित गोष्ट मागितली. त्याला छापखाना हवा होता. ब्राह्मणांची जुनी लिखिते छापावीत ह्या हेतूने त्याने कंपनीकडे मुद्रक मागितला, आणि १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक खरोखरच मुंबईस आला. देवनागरी खिळे काही त्याला साधले नाहीत. तरीसुद्धा शहराकडून व्यापाऱ्याची अपेक्षा केवळ गोदामाची नसते, हे ह्या फसलेल्या उद्योगावरून कळते.

ही सारी पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे नीमा पारेखाच्या यादीचा अर्थ लागतो.

त्याची पहिली मागणी साधी होती. शहरात किंवा शहराजवळ घर व वखार बांधण्यापुरती जागा बिनभाड्याने मिळावी. दुसरी तितकी साधी नाही. त्याला, त्याच्या ज्ञातीला व त्यांच्या ब्राह्मणांना आपापल्या घरात निर्वेधपणे धर्माचरण करता यावे. त्यांच्या आवारात इंग्रज, पोर्तुगीज वा अन्य कोणी ख्रिस्ती किंवा मुसलमान ह्यांनी राहू नये, कोणताही जीव मारू नये. त्यांना आपले मृत आपल्या रीतीने दहन करता यावेत, लग्ने आपल्या विधीने करता यावीत. आणि त्यांच्यातील कोणाही स्त्री-पुरुषाला, मग तो कोणत्याही वयाचा असो, बळाने ख्रिस्ती केले जाऊ नये. ‘कोणत्याही वयाचा’ हे शब्द उगाच आलेले नाहीत. पोर्तुगीज अमलात बाप वारलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाटविण्याचा कायदाच होता, आणि नीमा पारेख दीवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज झेंड्याखालीच, वाढलेला होता. आपण उद्या डोळे मिटले तर आपल्या लेकरांचे काय होईल, हा प्रश्न ह्या व्यापारी कराराच्या दुसऱ्याच कलमात येऊन बसला आहे.

पुढली कलमे वाचताना पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्याची सगळी दुःखे एकामागून एक डोळ्यांसमोर येतात. आपल्या माणसांना वेठीस धरून ओझी वाहावयास लावू नये. चौकीपहाऱ्याची कामे त्यांच्यावर लादू नयेत. कंपनीसाठी असो वा गव्हर्नराच्या खासगी कामासाठी असो, आपल्याकडून सक्तीने कर्ज घेऊ नये. कज्जा उद्भवला तर आगाऊ सूचना दिल्यावाचून आपल्याला चारचौघांत पकडून, बेअब्रू करून तुरुंगात नेऊ नये. घरच्यांचे आपसांतले तंटे आपले आपण तोडावेत. आपली गलबते कोणत्याही बंदरास जावीत-यावीत, त्यांच्यावर नांगराचा कर नसावा. आणलेला माल बारा महिन्यांत खपला नाही तर निर्यातीची जकात न देता तो अन्यत्र नेता यावा. एकाच कुळाकडे आपले व इतर वाण्यांचे येणे असेल तर आपले आधी फिटावे. ह्या कलमात मात्र नीमाशेठचा व्यापारी धूर्तपणा डोकावतो. आणि लढाई झाली तर माल, पैसा व कुटुंब सुरक्षित ठेवण्यास किल्ल्यात एक कोठार मिळावे. १६६८ साली मस्कतच्या अरबांनी दीव लुटले होते. हे कलम लिहिणाऱ्याने तो प्रसंग विसरलेला नव्हता.

शेवटी मानाचा प्रश्न येतो. किल्ल्यात व गव्हर्नराच्या घरी आपल्याला मुक्तद्वार असावे, तेथे आदराने वागविले जावे, योग्यतेप्रमाणे आसन मिळावे. गाडी, घोडा, पालखी वापरता यावी. चाकरांना तलवार-कट्यार बाळगता यावी. वरवर पाहता ही हौसेची कलमे वाटतात. पण ज्याला भर रस्त्यात कोणीही शिपाई हटकू शकतो त्याच्या हुंडीवर कोण विश्वास ठेवणार? व्यापाऱ्याची अब्रू हीच त्याची पत असते. तिच्यासाठी त्याने स्वतंत्र कलम मागितले ह्यात गैर काहीच नाही.

कंपनीने ही मागणी मनावर घेतली आणि अटी अनुकूलपणे विचारात घेऊन मान्य केल्या. ह्यांतील बहुतेक गोष्टी बेटातील सर्वांनाच आधीपासून मिळत आहेत, असा मुंबईच्या कौन्सिलाचा अभिप्राय होता, आणि तो पुष्कळ अंशी खराही होता. मग नीमा पारेखाने त्या लिहून का मागितल्या? कारण आज बसलेला गव्हर्नर उद्या असणार नाही हे त्याला ठाऊक होते. दीवचा कॅप्टन बदले, सुरतेचा सुभेदार बदले, आणि प्रत्येक नव्या माणसाबरोबर जुनी वहिवाट नव्याने विकत घ्यावी लागे.

ह्या यादीला दुसरीही बाजू आहे. वेठ आपल्या माणसांवर नको, असे व्यापारी म्हणतो तेव्हा वेठ कोणावर तरी होती हे उघड आहे. बेटाच्या रक्षणासाठी जमीनदारांकडून माणसे घेऊन जी शिबंदी उभी केली होती तीतून पैसे भरून सुटण्याची सवलत ब्राह्मण व वाणी ह्यांना होती. पहारा करावयाचा तो दुसऱ्यांनी, ओझी वाहावयाची ती दुसऱ्यांनी. कोळी, भंडारी आणि कुणबी ह्यांना बोलावून आणावे लागले नव्हते. ते तेथलेच होते, म्हणून त्यांच्याशी कोणी करार केला नाही. बाहेरून येणाऱ्याला आमिष आणि घरच्याला आज्ञा, हा भेद मुंबईच्या पायातच पडला, आणि तिच्या गुणगानात तो सहसा सांगितला जात नाही.

नीमा पारेखाची यादी पुढे आल्यावर तीन महिनेच लोटले असतील, ३० जून १६७७ रोजी ऑंजियर सुरतेस वारला. त्या सुमारास मुंबईत होऊन गेलेल्या डॉक्टर फ्रायरने बेटाची लोकसंख्या साठ हजार दिली आहे, आणि पोर्तुगीजांच्या वेळी ती दहा हजार होती असे म्हटले आहे. हे आकडे मोजून काढलेले नव्हेत, आणि साठ हजार ही संख्या फुगलेली असावी. परंतु वस्ती दृष्टीस पडेल इतकी वाढली होती ह्याबद्दल शंका नाही.

जे आठ वर्षांत जमले ते उधळावयास फार वेळ लागला नाही. लंडनच्या संचालकांना मुंबई हा खर्चाचा बाब वाटे. त्यांनी काटकसर आरंभिली ती शिबंदीच्या पगारापासून आणि भत्त्यांपासून. व्यापाऱ्यांना दिलेली वचने कागदावर तशीच राहिली. ती पाळण्यास जे शिपाई हवेत त्यांना दिलेली वचने मोडली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. २७ डिसेंबर १६८३ रोजी कॅप्टन रिचर्ड केग्विनने बंड करून बेट राजाच्या नावाने ताब्यात घेतले, आणि जवळजवळ वर्षभर कंपनीचा अंमल तेथे चालला नाही. ते मिटते न मिटते तो सर जॉन चाइल्डने मोगलांशी कलह ओढवून घेतला. कंपनीचे मुख्य ठाणे १६८७ मध्ये सुरतेहून मुंबईस हलविले होते. दोन वर्षांत, १६८९ च्या फेब्रुवारीत, सिद्दी याकूतखान शिवडीस उतरला, माझगाव आणि माहीम त्याने घेतले, आणि १६९० च्या जूनपर्यंत गव्हर्नर किल्ल्यात कोंडून पडला. मागून साथीचे रोग आले. बाहेरून आलेले बरेचजण आले तसे निघून गेले. नारळीच्या वाड्या पुन्हा एकदा ओस पडल्या.

शहर पुन्हा सावरले ते अठराव्या शतकात, आणि पुन्हा त्याच मार्गाने. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून गव्हर्नर झाला. त्याच्या कारकिर्दीत गावाभोवतालचा तट पुरा झाला आणि नीमा पारेखाने किल्ल्यातील एका कोठारापुरते मागितलेले संरक्षण साऱ्या बाजारपेठेला मिळाले. १७३६ साली सुरतेच्या गोदीतून लवजी नसरवानजी ह्या पारशी मिस्त्रीला थोड्या सुतारांसह मुंबईस आणले गेले. १७५० मध्ये त्याच्या देखरेखीखाली येथली पहिली सुकी गोदी बांधून झाली. आणि सुरतेच्या गोदीतले काम एकेक करून मुंबईस येऊ लागले.

१७६४ साली डेन्मार्कच्या राजाने धाडलेल्या मोहिमेतील प्रवासी कार्स्टन नीबूर मुंबईत होता. आपल्या सोबत्यांपैकी बहुतेकांना वाटेत मूठमाती देऊन तो येथवर पोचलेला. त्याने बेटाची वस्ती एक लाख चाळीस हजार सांगितली आहे, आणि वीस वर्षांत ती दुपटीने वाढली असे नमूद केले आहे. ह्या वाढीचे कारण म्हणून त्याने बंदराचे नाव घेतले नाही, जकातीचेही घेतले नाही. येथे प्रत्येकाला आपापल्या धर्माने वागता येते, एवढेच त्याने लिहिले. दीवच्या वाण्याचे दुसरे कलम त्याने वाचलेले असण्याचा संभव नाही.